माझ्या हातची मिश्री

ये गं, अशी लांब टोकाला काय बसलीस? तिथून तुला काय ऐकू येणार. सरक इकडं, बाकावर जागा लई आहे. आणि आधी तोंडावरचा तो पदर काढ. इथं कुणी गडी माणूस नाही, अन् तुझे दात काळे आहेत हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. माझे तर आता डाव्या बाजूला दातच नाहीत, गालाला खड्डा पडलाय, बोलताना लाळ गळते. लाजायचंच असलं तर मी लाजायला पाहिजे, तू कशाला? वर्षभर शबाना तुझ्या दारात येऊन सांगतेय, चल एकदा दाखव. अन् तू काय म्हणतेस, मला काय धाड भरलीय. मी पण हेच म्हणत होते. म्हणून बोलते, राग मानू नको.

हे लिहायला मला आमच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं. बेंबळीच्या पुढं आमचं गाव, गावात सरकारी उपकेंद्र, आणि तिथं दर गुरुवारी बायांची तपासणी असते. बाया बाकावर बसून राहतात, आपापसात कुजबुजतात, आणि निम्म्या तर नंबर यायच्या आधीच उठून जातात, म्हशीचं निमित्त काढून. मॅडम म्हणाल्या, आजी, तुमचं तुम्ही लिहून द्या, शबाना वाचून दाखवेल, म्हणजे बसतील तरी. शबाना म्हणजे आमची आशाताई, घरोघर फिरून आजारपाजाराचं विचारणारी. गावातल्या प्रत्येक घराचं दार तिला माहीत आहे.

मी शाळेत गेलेली नाही. पोराच्या अंकलिपीवरून अक्षरं शिकले आणि किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत वाचायला लागले. साखरेच्या पुडीवर बातमी अर्धी असायची, बाकीची अर्धी शेंगदाण्याच्या पुडीवर शोधायची. तेव्हा कुठं चुकलं तर शबाना सुधारून वाचेल.

ह्याची एक प्रत उमरग्याला जाणार आहे, माझ्या पुतणीला, रेखाला. खरं सांगायचं तर सगळं तिच्यासाठीच लिहिलंय. ती दोन वर्षं झाली माझ्याशी बोललेली नाही. फोन उचलत नाही, तर कागद तरी वाचेल.

*

मिश्री म्हणजे काय हे आपल्या बायांना सांगायला नको. पण मॅडमसारखी शिकलेली कुणी वाचत असेल तर सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, वरवंट्यानं कुटायची, फडक्यातनं गाळायची. सकाळी उठलं की बोटावर घेऊन दातांना घासायची. उरलेली बोटानं गालात सारायची आणि जरा वेळ बसायचं. त्या बसण्यालाच खरी चव होती. उठल्यापासून चूल, शेण, पाणी, शेत. बाईला टेकायला मिळायचं ते मिश्री लावताना. सासूसुद्धा तेवढ्या वेळात हाक मारायची नाही.

माझ्या हातच्या मिश्रीचं गावात नाव होतं. किती भाजायची, कुठं थांबायचं, हे मला बरोबर कळायचं. जास्त भाजली की राख होते, कमी भाजली की डोकं गरगरतं. गल्लीतल्या पंधरा-वीस बाया माझ्याकडनं डबी भरून न्यायच्या. मी कधी कुणाला नाही म्हणलं नाही. कौतुक लई गोड लागतं गं, माणूस त्यात वाहून जातो.

हौसा माझी धाकटी जाऊ. मला अक्का म्हणायची. आमची घरं एका भिंतीला लागून, अंगण एक. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला मिश्री ठाऊक नव्हती. दाढ ठणकत होती, रडत होती, म्हणून मी माझ्या बोटानं तिच्या दाढेला लावली. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघी मागच्या दारच्या दगडावर. आमच्या घरची एक रीत आहे, थोरलीच्या आधी धाकटीनं काही करायचं नाही. जेवणात, हळदीकुंकवात, नवं लुगडं नेसण्यात. हौसानं ती मिश्रीतसुद्धा पाळली. मी डबी उघडेपर्यंत ती हात पुढं करायची नाही. मला उठायला उशीर झाला तर तशीच बसून राहायची, पारोशा तोंडानं. मी हसायचे तिला. आता हसू येत नाही.

*

तपासणीचं आमच्याकडं नवीन नव्हतं. शबाना मोठा फॉर्म घेऊन घरोघर फिरायची. एकदा आमच्या अंगणात आली. हौसा आणि मी शेंगा फोडत होतो.

शबानानं विचारलं, "मावशी, तंबाखू खाता का?"

मी म्हणलं, "अगं बाई, मी काय गडी हाय का तंबाखू खायला?"

आणि मी खोटं बोलत नव्हते, हे नीट ऐक. माझ्या मनात तंबाखू म्हणजे आमच्या मालकांच्या कनवटीची पुडी, चुना लावून तळहातावर मळायची, गालात धरायची आणि भिंतीवर पिचकारी मारायची ती. मिश्री कशी तंबाखू? मिश्री दातांची. तुम्ही पेस्टनं घासता, आम्ही मिश्रीनं. पानं मी माझ्या हातानं बाजारातनं आणायचे, माझ्या हातानं भाजायचे, आणि तरी ती तंबाखू आहे असं कधी डोक्यात आलं नाही. इतका साधा सांधा मला जुळला नाही.

शबानानं 'नाही'वर खूण केली. मग हौसाकडं वळली. हौसानं मान वर न करता सांगितलं, "अक्काचं लिहिलं तसंच माझं लिहा."

दोन खुणा झाल्या. तंबाखू खात नाही म्हणल्यावर तोंड बघायचं कारण उरलं नाही. शाळेच्या पटांगणात शिबिर भरलं तेव्हा मालकांना मात्र बोलावणं आलं. सगळ्यांसमोर रांगेत उभं राहून, आ करून, बॅटरीच्या उजेडात तोंड दाखवून आले. ते तोंड स्वच्छ निघालं. पन्नास वर्षं तंबाखू मळणाऱ्या माणसाचं तोंड स्वच्छ. घरी येऊन मिशीला पीळ देत म्हणाले, बघ, काय झालं न्हाय. मी मनात म्हणलं, बरं झालं बाई, आपलं नाव नव्हतं, त्या रांगेत गड्यांसमोर काळे दात कुणी दाखवावेत.

शबानाचा दोष नाही. ती अजून स्वतःला बोल लावते, मी तिला रागावते. फॉर्मवर जे छापलं होतं ते तिनं विचारलं.

*

मग ठेचा तिखट लागायला लागला. ठेचा हौसा करायची, मी तिच्यावर डाफरायचे, की मिरच्या काय फुकट आल्यात. ती बिचारी एक-एक मिरची कमी करत गेली. शेवटी मालक म्हणाले, हा ठेचा हाय का पिठलं? तरी मला झोंबायचा. आरशात बघितलं तर डाव्या गालात आतून पांढरा चट्टा, दह्याचा डाग असावा तसा. बरोबर जिथं मी मिश्री सारत होते तिथं.

आणि मी काय केलं सांगू? त्याच्यावर मिश्री लावली. लावली की बधिर व्हायचं, बरं वाटायचं. सकाळी एकदाच लावणारी मी तीनदा लावायला लागले. दुखतंय म्हणून लावायची, लावतेय म्हणून दुखायचं. सहा-सात महिने असं चाललं.

त्या दरम्यान उपकेंद्रात नव्या मॅडम आल्या. परभणीकडची पोरगी, वय माझ्या नातीएवढं. मी रक्तदाबाची गोळी आणायला गेले होते. गोळी दिली, आणि बाहेर पडायच्या आत त्यांनी विचारलं, "आजी, सकाळी दात कशानं घासता?"

बघ, तंबाखूचं नावच घेतलं नाही त्यांनी. मी अगदी फुशारकीनं सांगितलं, मिश्रीनं, माझ्या हातच्या, पाहिजे तर तुम्हाला डबी आणून देते. त्या हसल्या नाहीत. पुढचं विचारलं, तिखट खाता येतं का. आणि मला एकदम रडूच आलं. कारण इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी सगळ्यांना ठेचा तिखट झालाय म्हणून सांगत होते, माझं तोंड दुखतंय असं कुणालाच नाही.

त्यांनी दार लोटलं, पडदा ओढला. बॅटरी लगेच काढली नाही. आधी माझ्या हातात आरसा दिला आणि म्हणल्या, आधी तुम्ही बघा, मग मला दाखवा, आणि नको वाटलं तर हात वर करा, मी थांबते. मी पदर काढला. तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. माझी दोनच गेली. मला वाटलं म्हातारपणानं तोंड बारीक झालं असेल. तू आत्ता घालून बघ बरं. बघ, लाजू नको. तीन जात नसतील तर आज म्हशीचं निमित्त काढून उठायचं नाही.

*

धाराशिवच्या मोठ्या दवाखान्यात शबाना माझ्याबरोबर आली. मॅडमनी आधीच फोन करून ठेवला होता, त्यामुळं ह्या खिडकीतनं त्या खिडकीत हिंडावं लागलं नाही. गालातला तुकडा काढला. आठ दिवसांनी निकाल आला तो मॅडमकडं. त्यांनी मला बोलावलं.

मालक बरोबर होते. त्यांना वाटलं, डॉक्टरीणबाई आपल्याला बाजूला घेऊन सांगतील, बाईला कशाला. आमच्याकडं असंच असतं, आजार बाईला आणि निकाल गड्याला. पण मॅडम मला म्हणाल्या, "आजी, तोंड तुमचं आहे. आधी तुम्हाला सांगते. यांना आत घ्यायचं का, ते तुम्ही ठरवा."

मी म्हणलं, बसू द्या बाहेर जरा.

त्यांनी सांगितलं. कॅन्सर आहे, पण अजून गालातच आहे, ऑपरेशननं निघेल. नाव ऐकलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही बघ. भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं, त्यावर एक गुबगुबीत बाळ होतं, मी त्याचे दात मोजत बसले. मग विचारलं, हे मिश्रीनं झालं? त्या हो म्हणल्या. ती तंबाखूच असते, आजी.

तेव्हा मात्र भीती वाटली. स्वतःसाठी नाही. पंधरा-वीस घरांतल्या डब्या डोळ्यासमोर आल्या. सगळ्या मी भरलेल्या. आणि डोळ्यासमोर आल्या आल्या मला जे सुचलं ते हे, की कुणाला कळता कामा नये. मी मॅडमचा हात धरला, म्हणलं, माझं नाव गावात सांगू नका. त्या म्हणल्या, मी कुणालाच सांगत नसते. पण तुमच्या घरात ज्या ज्या मिश्री लावतात त्यांना माझ्याकडं पाठवा, लवकर.

मी मान डोलावली.

खरं मालकांना तेवढं सांगितलं, घरी येऊन हौसाला म्हणलं, दाढेचं ऑपरेशन आहे, सोलापूरला जावं लागतंय. मॅडमनी त्यांच्या परीनं शबानाला हौसाकडं धाडलं होतं, सगळ्यांना बोलावतात तसं. हौसा मला विचारायला आली, अक्का, मी जाऊ का? मी बोचकं बांधत होते. तुझी दाढ दुखतीय का, म्हणलं. ती न्हाय म्हणाली. मग कशाला, म्हणलं, मी आल्यावर बघू. आणि जाताना डालड्याच्या डब्यात तिच्यासाठी भाजून ठेवलेली मिश्री तशीच फळीवर राहू दिली. फेकून दिली असती तर ती कारण विचारणार होती.

*

सोलापूरच्या दवाखान्यात माझा डावा गाल, जबड्याचा तुकडा आणि गळ्यातल्या गाठी काढल्या. शुद्धीवर आले तर नाकात नळी, गळ्याला पट्ट्या, आणि बोलायला तोंड नाही. मी बोलणारी बाई. मालक म्हणतात, तुझं बोलणं थांबलं तर मला झोप येत नाही. त्या वॉर्डात महिनाभर मी मुकी.

तिथला दिवस नळीचा. दूध, वरणाचं पाणी, पुन्हा दूध, सगळं नाकातनं, चव कशालाच नाही. शेजारच्या खाटेवर कर्नाटकातली एक बाई होती, तिला मराठी येत नव्हती आणि मला बोलता येत नव्हतं, त्यामुळं आमचं झकास जमलं. तिचा मुलगा आला की ती पदर तोंडावर घ्यायची, मी उशी आडवी धरायची. झाडलोट करणाऱ्या मावशी माझी वेणी घालायच्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. त्या वेणीनं मला माणसात ठेवलं.

सिस्टरनं मला एक पाटी आणि खडू आणून दिला. लिहिता येतं का, विचारलं. मी हो म्हणून मान हलवली. लई अभिमान वाटला गं. पुड्यांच्या कागदांवर शिकलेलं कामाला आलं. आणि त्या पाटीवर मी पहिलं वाक्य काय लिहिलं असेल? पाणी नाही, दुखतंय नाही. मी लिहिलं, हौसाला खरं सांगू नका. मालकांना दाखवायला लिहिलं, ते बाहेर गेले होते.

तेवढ्यात हौसाच आली.

गावाकडनं सकाळची गाडी धरून, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं घेऊन. फडक्यातनं दोनदा गाळलेलं, नळीतनं जावं म्हणून. मला बघून तिचा चेहरा पडला, पण लगेच सावरली. खाटेवर बसली, माझे पाय दाबायला लागली. तिच्या तोंडाला वास आला, माझ्या मिश्रीचा. मी तो वास कुठंही ओळखीन.

पाटी माझ्या पोटावर होती, अक्षरं वर. हौसाला वाचता येत नव्हतं, पण बचत गटात सही करायला ती आपलं नाव शिकली होती. तेवढं एकच. तिनं पाटीवर बोट ठेवलं.

"अक्का, हे माझं नाव हाय न्हवं?"

मी मान हलवली.

"माझं नाव लिवलंय," ती शेजारच्या बाईला सांगायला लागली, जिला मराठी कळत नव्हती. "बघा, बोलता येईना तर माझं नाव लिवलंय." आणि डोळे पुसले. तिला वाटलं, मला तिची आठवण आली म्हणून लिहिलं.

माझ्या हातात खडू होता. सिस्टर दोन खाटा सोडून होत्या. मी दुसरं वाक्य लिहिलं असतं आणि सिस्टरला वाचून दाखवायला खुणावलं असतं, तर पाच मिनिटांचं काम होतं. मी पदरानं पाटी पुसली.

मी स्वतःला काय सांगितलं, तेही लिहिते. म्हणलं, आत्ता कशाला घाबरवायचं, एवढ्या लांब आलीय. घरी गेल्यावर निवांत सांगू. पण खरं कारण ते नव्हतं. तिच्या तोंडाला तिच्या लग्नाच्या वर्षी पहिलं बोट मी लावलं होतं.

*

घरी आले ते लगेच किरणं घ्यायला पुन्हा सोलापूर. दीड महिना त्यात गेला. तोंड सोलून निघालं, थुंकी आटली. घरच्यांचे पण हाल झाले. मालक चिडायचे, भाकरी करपवायचे आणि माझ्यावर ओरडायचे, जशी मीच चुलीपाशी होते. रोज लाकडी पट्ट्या दातांत धरून तोंड उघडायचा व्यायाम, एक-एक पट्टी वाढवत. हौसा पट्ट्या मोजायची. आज नऊ झाल्या, अक्का. आज दहा. तिला दहापर्यंतच मोजता यायचं, अकरावी झाली तेव्हा दहा अन् एक म्हणाली आणि मला साखर भरवली.

आणि मला दिसत होतं. ती भाकरी दुधात बुडवून खात होती. आमच्या घरात भाकरी दुधात कुणी खात नाही. ठेचा करायची, पण स्वतः घ्यायची नाही. मी बघत होते आणि म्हणत होते, उद्या सांगू. उद्या जरा बोलणं नीट होऊ दे. उद्या सोयाबीनची रास होऊ दे.

चार महिने गेले असे. शेवटी एका सकाळी ती मागच्या दारच्या दगडावर बसली होती, डबी उघडी, बोट गालात, आणि बोट लावताना तिनं डोळे मिटून घेतले, दुखल्यावर मिटतात तसे. मला राहवलं नाही. मी तिच्या हातनं डबी घेतली आणि सगळं सांगितलं. दाढ नव्हती. मिश्री होती. आठ महिन्यांपासून मला माहीत आहे.

ती ओरडली नाही. तिनं बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "तुमी गेलात तर मी बी जाते. चला." आणि चप्पल शोधायला लागली.

मॅडमनी तिचं तोंड बघितलं, मग गळा चाचपला. गळ्यात गाठ होती. मॅडमचा चेहरा मला कळायला लागला होता, त्यामुळं त्यांनी काही बोलायच्या आधीच मला उमगलं.

हौसाचं पण ऑपरेशन झालं, तिनं पण किरणं घेतली. पण तिचं परत आलं. दवाखान्यात मी तिच्या उशाला असायचे, पट्ट्या मोजायला. पट्ट्या पाचाच्या पुढं गेल्या नाहीत. एकदा, एकदाच, तिनं विचारलं. बोलताना अक्षरं फुटत नव्हती, पण मला कळलं.

"अक्का, पाटीवर काय लिवलं व्हतं?"

मी सांगितलं. जसं होतं तसं. तिनं डोळे मिटले आणि हात माझ्या हातावर तसाच राहू दिला. तो तिनं काढला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी डॉक्टरांना विचारलं, आठ महिने आधी आणली असती तर? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. आणि मला जे रोज खातं ते हेच, की सांगता येत नाही.

*

हौसा गेली. दहाव्याला मी रेखाला, तिच्या लेकीला, बाजूला घेऊन पाटीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या कुणाकडनं कळण्यापेक्षा माझ्याकडनं कळावी म्हणून. ती मला मोठमाय म्हणते. तिच्या आईपेक्षा जास्त ती माझ्या मांडीवर वाढली. ती एवढंच बोलली, "मोठमाय, तुला ठाव व्हतं." मग पिशवी भरली आणि उमरग्याला गेली. त्यानंतर दोन संक्रांती झाल्या. ती आली नाही.

गल्लीतल्या पंधरा-वीस घरांत मी स्वतः गेले. प्रत्येकीच्या दारात पदर काढून गाल दाखवला, आणि माझ्या हातची मिश्री परत मागितली. दोघींनी शिव्या दिल्या. एकीनं दार लावून घेतलं. बाकीच्यांनी डब्या दिल्या, आणि नंतर बाजारातनं गुपचूप नव्या आणल्या, मला काय कळत नाही होय. पण त्यातल्या सात जणी गुरुवारी आल्या. एकीच्या गालात चट्टा सापडला, अगदी नवा. तिनं मिश्री सोडली, दर काही महिन्यांनी दाखवते, आणि ती आज ठेचा खाते. तिच्या घरी गेले की मी तिला खाताना बघत बसते. तिला वाटतं म्हातारी खुळी आहे.

फॉर्म पण आता शबाना वेगळा भरते. कागदावर काही छापलेलं असो, ती आधी विचारते, दात कशानं घासता. तेवढं एक वाक्य. ते त्या दिवशी अंगणात कुणी विचारलं असतं, किंवा मला सांगायचं सुचलं असतं, तर हौसा शेंगा फोडून उठली असती आणि माझ्या मागोमाग शिबिराच्या रांगेत उभी राहिली असती.

मी गुरुवारी इथं ह्या बाकावर असते. नवी बाई घाबरली तर मी तिच्याबरोबर पडद्याआड जाते आणि तिच्या आधी माझं तोंड उघडून दाखवते. अर्धा जबडा बघितला की तिला स्वतःचं तोंड दाखवायची लाज वाटत नाही. हेच काम आता माझ्या तोंडाला उरलंय, आणि बडबड.

रेखा, आता तुझ्याशी बोलते. बाकीच्या ऐकतायत, ऐकू देत.

परवा जावईबापूंचा फोन आला. इकडचं तिकडचं सांगून झाल्यावर सहज म्हणाले, रेखाला हल्ली तिखट चालेना, भाजी वेगळी काढून ठेवते. तुझ्या पहिल्या बाळंतपणात हिरड्या सुजल्या होत्या, तेव्हा ती पितळेची डबी मी तुला भरून दिली होती, माझ्या हातानं. ती डबी तुझ्या पर्समध्ये असते, हे मला ठाऊक आहे. तुझ्या आईच्या दहाव्याला पण होती.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यायची की नाही ह्याचा विचार करत बसावं लागेल, आणि तेवढा वेळ मला घालवायचा नाही. एकदा मी लई वेळ घालवला. उमरग्यात दवाखाने ढीगभर आहेत, तिथं दाखव, मी काही म्हणणार नाही. पण तू मला ओळखतेस आणि मी तुला ओळखते. तू दाखवायची नाहीस. उद्या म्हणशील. तो उद्या मला चांगला माहीत आहे.

म्हणून ये. सकाळच्या गाडीनं निघालीस तर दुपारी पोचशील, फाट्यावर मालक येतील. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. घरात शिरू नकोस हवं तर, सरळ इथं उपकेंद्रात ये. तुझी आई कधी माझ्या आधी काही करायची नाही. तू पण करू नको. मी पडद्याआड आधी जाते, आधी माझं तोंड दाखवते, मग तू. तुझ्या आईसारखं माडगं मला जमत नाही, पण फडक्यातनं दोनदा गाळून ठेवीन, तिखट अजिबात घालणार नाही.

ह्या गुरुवारी जमलं नाही तर पुढच्या. त्याच्या पुढं नको ढकलू. लवकर ये, रेखा.